उभी राहून कुजलेली ४०७ घरच्या अंगणात दुरुस्त करताना

गोठ्यामागे किंवा बंद वीटभट्टीच्या कडेला चाकांत हवा नसलेली आणि हौद्यात रान उगवलेली टाटा ४०७ कुठल्याही तालुक्यात सापडते. ही गाडी १९८६ मध्ये आली आणि भाजीपासून मंडपाच्या बांबूंपर्यंत सगळे वाहत राहिली. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि तिचे काम येणारा मिस्त्री प्रत्येक बाजारगावात असतो. घरी करायच्या कामासाठी ही गाडी निवडण्यामागे भावनेपेक्षा हे कारण मोठे आहे. पुढे लिहिलेले बरेचसे त्याच काळातल्या इतर हलक्या डिझेल ट्रकांनाही लागू पडते.

एक फरक आधी डोक्यात पक्का बसवा. चालून झिजलेली गाडी वेगळी आणि उभी राहून कुजलेली वेगळी. चालत्या गाडीचे दुखणे आवाजावरून, धुरावरून आणि तेलाच्या खपावरून कळते. उभ्या गाडीतले काहीच बोलत नाही. ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून धरलेले असतात, टाकीत पाणी साठलेले असते, डिझेल पंपाचा रॅक (किती डिझेल सोडायचे ते ठरवणारी सरकती दांडी) अडकलेला असतो, कमानींच्या (लीफ स्प्रिंगच्या) पाट्यांमध्ये गंजाचे पापुद्रे फुगलेले असतात. अशा गाडीला नवी बॅटरी लावून पहिला सेल्फ मारणे ही सर्वांत महाग चूक. दुसरी चूक आधी रंग देण्याची. रंग दिलेली गाडी पुन्हा उघडायला हात धजत नाही आणि खालचे काम कायमचे राहून जाते.

कागद

पाना हातात घेण्याआधी गाडी नोंदणीत जिवंत आहे का ते पाहा. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की मालक, फिटनेस, विमा, कर आणि बोजा यांची स्थिती दिसते. चलने वेगळी तपासा. नोंदणी रद्द झालेली असेल तर ती गाडी फक्त सुट्या भागांची आहे, असे समजून पुढे चला.

चेसिस नंबर चेसिसच्या लोखंडावर ठोकलेला असतो. वायर ब्रशने जागा साफ करा, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसी बुकाशी अक्षरन्अक्षर ताडून पाहा. गंजाने अर्धा नंबर गेला असेल तर तिथे ग्राइंडर चालवू नका. खुणा पुसलेल्या चेसिसवर आरटीओत संशय घेतला जातो आणि तो दूर करता करता वर्ष जाते. इंजिनचा नंबरही जुळायला हवा. मधल्या काळात कुणी इंजिन बदलून नोंद केली नसेल तर ती आधी करून घ्यावी लागेल.

हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, जुन्या कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून गाडी येत असेल तर फॉर्म २८. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी घ्यावा लागतो, १५ वर्षांपुढच्या गाडीला त्याचे शुल्क बरेच जास्त आहे आणि वर राज्याचा पर्यावरण कर. हा सगळा हिशेब गाडीच्या किमतीत धरा. भंगाराच्या भावात मिळालेली गाडी कधीकधी कागदांनीच महाग होते.

पहिल्या दिवशीच करायचे एक काम

बाकी काही सुरू करण्याआधी चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा. गंजून धरलेली असतील तर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवा. घाईत टॉमीने उचकटलात तर हेडमधली बैठक खराब होते. नोझल निघाली की प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धे इंजिन ऑइल आणि अर्धे डिझेल असे मिश्रण २० ते ३० मिलि घाला, भोकांवर स्वच्छ फडके दाबून ठेवा आणि किमान दोन दिवस इंजिनकडे फिरकू नका. तेवढ्यात चेसिस तपासून होते.

हे आधी करायचे, कारण ही गाडी करण्यालायक आहे की नाही हे दोनच गोष्टींवर ठरते. इंजिन हाताने फिरते का, आणि चेसिस सरळ व अखंड आहे का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले तर खर्च तिथेच थांबवा.

चेसिस आणि कमानी

अंगणातली जमीन मातीची असते आणि घोडी (उचललेल्या गाडीचे वजन पेलणारा लोखंडी आधार) मातीत खचते. प्रत्येक घोडीखाली दोन इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद फळी ठेवा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडीखाली शिरण्याआधी वजन घोड्यांवर आलेले हवे आणि जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक अडवणारा ठोकळा) हवी. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचून त्यांवर गाडी ठेवू नका. ते झिजून नव्हे, एका क्षणात फुटतात.

चाके काढताना आणखी एक धोका आहे. रिमला सुटी लॉक रिंग असेल तर नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या. मागच्या जोडचाकांत तर दोन्हींची. तडा गेलेले रिम नटांच्या दाबानेच धरून राहिलेले असू शकते. टायर चढवून हवा भरण्याचे काम घरी करू नका. ज्या पंक्चरवाल्याकडे लोखंडी पिंजरा आहे त्याच्याकडे न्या, कारण उडालेली रिंग माणूस मारते. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. नट हलत नसेल तर लांब पाइप लावण्याआधी स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर आहे का पाहा.

चेसिसवरची माती आणि ग्रीसची साय खरवडून काढा आणि लहान हातोडीने टकटक करत पुढून मागे जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द. विशेष लक्ष द्यायच्या जागा: पाट्यांचे ब्रॅकेट, आडव्या मेंबरचे सांधे, केबिनच्या मागची पट्टी आणि हौदा जिथे टेकतो त्या पट्टीची वरची बाजू. हौद्याच्या लाकडाखाली पाणी धरून राहते. रिव्हेटभोवती लालसर ओघळ दिसला तर ते रिव्हेट सैल आहे आणि आत लोखंड घासले जाते आहे.

बारीक तडा सापडला तर त्याच्या टोकाला आधी ६ मिमी भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तडा खोलून वेल्ड करा आणि वर पट्टी द्या. पट्टीची टोके सरळ उभी कापू नका, तिरकी ठेवा. सरळ टोकाशी ताण एकवटतो आणि सहा महिन्यांत शेजारीच नवा तडा जातो. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीवर आडवे वेल्डिंग करणे टाळाच. कुठेही वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची दोन्ही टोके आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा. चेसिस वाकलेली आहे का हे कळायला समोरासमोरच्या भोकांमधून दोरी कर्णरेषेत ताणून दोन्ही मापे घ्या. १० मिमीपेक्षा जास्त फरक आला तर चेसिस सरळ करणाऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाटे उघडले तर पूर्ण उघडा. मधला सेंटर बोल्ट अनेकदा तुटलेला निघतो. अशी गाडी चालताना तिरकी जाते आणि दोष उगाच स्टिअरिंगला दिला जातो. पाटे वायर ब्रशने साफ करून मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा. यू-बोल्ट नवेच घाला, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. त्यांचे शेवटचे कसणे गाडी चाकांवर आल्यावर, वजन पडल्यावर करायचे असते. हवेत लटकणाऱ्या एक्सलवर कसलेले यू-बोल्ट पहिल्याच फेरीत सैल होतात.

पुढचा एक्सल उचलून चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर हबची बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन (पुढचे चाक जिच्यावर वळते ती पिन). ही एवढी तपासणी केली की निम्मा वाद मिटतो. किंगपिनचे बुश घरी ठोकून बसवता येतात, पण रीमर मारायला (बुशचे भोक पिनच्या मापाला नेमके कापायला) लेथवाल्याकडेच न्यावे लागते. न रीमर मारलेला बुश पिनला धरतो, स्टिअरिंग जड होते आणि वळल्यावर सरळ येत नाही. तसेच चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यास टाय रॉडची टोके तपासली जातात. मोटार वाहन नियमांत स्टिअरिंगच्या चाकाला ३० अंशांपेक्षा जास्त मोकळा खेळ चालत नाही. खरे तर त्याच्या निम्मा असला तरी भरल्या गाडीला तो त्रासदायक ठरतो.

ब्रेक: इथे काटकसर नाही

जुन्या ४०७ चे ब्रेक तेलावर चालणारे, ड्रमचे आणि व्हॅक्युमच्या मदतीचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेते, म्हणजे उभ्या गाडीत ते हळूहळू पाणीदार होते आणि सिलिंडरच्या भिंतीला आतून खड्डे पडतात. वरून पेडल ठीक लागते, आतला पिस्टन मात्र हललेलाच नसतो.

ड्रम निघत नसेल तर आधी ब्रेक शूचे ॲडजस्टर मागे घ्या, मग ड्रमच्या कडेवर लाकडी हातोड्याने फिरत्या ठोक्यांनी मारा. एकाच जागी घण घातलात तर ओतीव लोखंडाला तडा जातो. ड्रम निघाला की आतली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत) अॅस्बेस्टॉस असू शकतो. पाणी मारून ओली करा आणि पुसून घ्या, नाकावर चांगला मास्क हवा.

नवे काय लागेल: सगळ्या व्हील सिलिंडरची किट, मास्टर सिलिंडरचे किट, सगळे रबरी होज, हबची ऑइल सील आणि लायनर. सिलिंडरमध्ये बोटाला खड्डा जाणवला तर किटवर भागणार नाही, पूर्ण सिलिंडर बदला. पॉलिश पेपर मारून तो चकचकीत दिसेल, पण वॉशर त्या खड्ड्यावरून जाताना गळणारच. रबराच्या कोणत्याही भागाला डिझेल, रॉकेल, पेट्रोल किंवा ग्रीस लागू देऊ नका. रबर फुगते आणि ब्रेक लागलेलाच राहतो. धुवायला ताजे ब्रेक ऑइल वापरा. ड्रमच्या आतल्या मापाची कमाल मर्यादा बहुतेकदा ड्रमवरच ओतलेली असते. लेथवर घासूनही त्याच्या बाहेर जात असेल तर ड्रम भंगारात टाका. रिव्हेटचे डोके लायनरच्या पृष्ठभागाखाली किमान १ मिमी खोल असले पाहिजे.

ब्रेकच्या तेलातली हवा म्हणजे एअर काढायचा क्रम मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाकडून जवळच्याकडे: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. पुढच्या चाकात दोन सिलिंडर असतील तर दोन्हींची. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोड्या ब्रेक ऑइलने भरलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सोडून पुन्हा आवळायचा आणि मगच पेडल सोडायचे. भराभरा पंप मारल्याने हवेचे बुडबुडे बारीक होऊन तेलात मिसळतात आणि तासभर निघत नाहीत. डब्यातले तेल तळाशी जाऊ दिलेत तर पहिल्यापासून सुरुवात. नळीतून आलेले तेल परत वापरू नका. मधल्या सगळ्या धातूच्या नळ्यांवरून कापड फिरवा. जिथे ते अडकते तिथे गंजाचा फोड आहे आणि ती नळी बदलायची आहे.

व्हॅक्युमची मदत देणारा बूस्टर नंतर, इंजिन चालू झाल्यावर तपासायचा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे.

इंजिन

जुन्या ४०७ च्या इंजिनाचे नाव ४९७. या नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक १०० मिमी, एकूण २,९५६ सीसी. साधे, भक्कम, थेट इंजेक्शनचे इंजिन. इंजिन चालवणारा संगणक नाही, सेन्सर नाहीत. घरच्या कामाला यापेक्षा समजूतदार इंजिन मिळणे अवघड.

दोन दिवस झाले असतील तर गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून क्रँक पुलीच्या नटावर मोठा पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने फिरवा. दोन पूर्ण फेरे अडथळ्याशिवाय झाले तर चारही सिलिंडर मोकळे. अडकले तर जोर न लावता पुन्हा तेल घालून आणखी दोन-तीन दिवस थांबा, मग इंचभर पुढे, इंचभर मागे असे हलवत राहा. ट्रॅक्टरने ओढून, गिअर टाकून धक्का देण्याचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. तो ऐकू नका. धरलेल्या पिस्टनला तसा झटका बसला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता ऑइल चेंबरचा नट थोडा सैल करा. आधी पाणी टपकले किंवा ऑइल ताकासारखे पांढुरके आले तर हेड पॅकिंग, सिलिंडरचा लायनर किंवा ऑइल कूलर संशयित आहे आणि हे इंजिन चालू न करता उघडायला हवे. ऑइल नुसते काळे आले तर चिंता नाही. ते पूर्ण काढा, फिल्टर बदला आणि १५डब्ल्यू-४० ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा.

डिझेलची टाकी उतरवून आतून बघा. तळाशी गंज, पाणी आणि काळा चिकट थर निघेल. मूठभर बारीक खडी आणि डिझेल घालून टाकी हलवून धुतली की थर सुटतो. टाकीला भोक असेल तर ती घरी वेल्ड करू नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ स्फोट करायला पुरेशी असते. डिझेलचे सगळे रबरी पाइप बदला. बाहेरून ठीक दिसणारा जुना पाइप आतून हवा ओढतो, थेंबभरही गळत नाही, आणि गाडी रोज सकाळी एअर धरते. दोन्ही फिल्टर नवे घाला. नोझल पंपवाल्याकडे तपासून घ्या आणि बसवताना तांब्याचे वॉशर नवेच वापरा.

पुढची गोष्ट टाळून चालणार नाही. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पंपाचा रॅक पूर्ण डिझेलच्या स्थितीत अडकलेला असू शकतो. असे इंजिन चालू झाले की थांबत नाही, वेग वाढवत नेते आणि स्वतःचा चुराडा करते. म्हणून इनलाइन पंप असेल तर बाजूची पट्टी उघडून रॅक बोटाने मागे-पुढे सरकतो का पाहा. स्टॉपची (इंजिन बंद करायची) केबल ओढल्यावर पंपावरचा दांडा शेवटपर्यंत जातो आणि आपोआप परत येतो, याची खात्री करा. नाही तर पंप खोलून पंपवाल्याकडे द्या. शिवाय हवेच्या पाइपच्या तोंडावर बसेल एवढा प्लायवूडचा तुकडा हाताशी ठेवा. इंजिन बेभान झाले तर तो तोंडावर घट्ट दाबायचा. कापड किंवा हात कधीही नाही, इंजिन दोन्ही आत ओढते.

पहिल्यांदा चालू करण्याचा क्रम असा:

१. नोझल अजून बाहेर असतानाच, भोकांसमोर कुणी उभे नसताना, स्टॉप ओढून ५–१० सेकंद सेल्फ मारा. सिलिंडरमध्ये उरलेले तेल किंवा पाणी फवाऱ्याने बाहेर पडते. हे न करता नोझल बसवून सेल्फ मारलात तर न दबणारे तेल पिस्टनला अडवते आणि रॉड वाकतो.

२. स्टॉप ओढलेलाच ठेवून तुकड्यातुकड्याने सेल्फ मारत राहा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. एका वेळी १० ते १५ सेकंद, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. सतत मारलेला सेल्फ जळतो.

३. नोझल बसवा. हातपंप मारत आधी फिल्टरचा एअर स्क्रू, मग पंपाचा. बुडबुडे संपून सलग धार आली की आवळा. नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल ठेवून सेल्फ मारा आणि चारही ठिकाणी डिझेल आले की आवळा. नोझलमधून डिझेल २०० बारच्या आसपास दाबाने सुटते, ते कातडीखाली घुसते. फवारा तपासायला हात पुढे करू नका. असे घडलेच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट रुग्णालय गाठा.

४. स्टॉप सोडा, सेल्फ मारा. इंजिन धरले की रेस न देता ऑइल प्रेशरकडे बघा. १० सेकंदांत आले नाही तर बंद करा.

चालू झाल्यावर धूर भरपूर येणार, घातलेले तेल जळणारच. पंधरा-वीस मिनिटांनंतरचा धूर खरा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल: टायमिंग, नोझल किंवा कमी कॉम्प्रेशन. निळसर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे हवेला अडथळा किंवा जास्त डिझेल. एकेका नोझलचा नट क्षणभर सैल करून आवाज ऐका. ज्या सिलिंडरला काही फरक पडत नाही तो सिलिंडर कामात नाही. ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण काढून पाहा. धुराचे झोत धडधडत येत असतील तर रिंग गेल्या. मात्र लगेच लायनर-पिस्टनचा निर्णय घेऊ नका. अडकलेल्या रिंग काही तास चालल्यावर पुष्कळदा सुटतात. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा बघा.

रेडिएटरमध्ये विहिरीचे क्षारयुक्त पाणी भरू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घाला. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. इंजिन तापत असेल तर कारण चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा किंवा निकामी झाकण हे असते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन कधी नीट तापतच नाही, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइलही बदला. चुंबकी नटावर चिकटलेली राखाडी भुकटी चालते, तुकडे चालत नाहीत.

वायरिंग

उंदरांनी कुरतडलेले जुने वायरिंग तुकडे जोडून चालवण्यापेक्षा नवे घालणे सोपे. हेडलाइट रिलेवर घ्या. ६०/५५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअरच्या आसपास घेतात आणि तेवढा प्रवाह जुन्या स्विचमधून गेला की स्विच वितळतो. प्रत्येक वाटेला फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीजवळ. इंजिनपासून चेसिसपर्यंतची अर्थची जाड पट्टी बदला. ती खराब असेल तर सेल्फचा प्रवाह ॲक्सिलेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल गरम होते आणि कुणाला कारण सापडत नाही. बॅटरी भरलेली असेल तर १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. त्यापेक्षा जास्त असेल तर बॅटरी उकळते.

पत्रा आणि रंग

केबिनचा पत्रा पेडलखालच्या तळाशी, पुढच्या काचेच्या रबराखाली, पायऱ्यांत आणि दारांच्या खालच्या कडेत कुजतो. काच काढल्याशिवाय रबराखालचा गंज दिसत नाही, म्हणून काच काढाच. बसवताना रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी घाला, साबणाचे पाणी लावा आणि एकाने बाहेरून काच दाबत असताना दुसऱ्याने आतून दोरी ओढावी.

कुजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून टाका. वर नवा तुकडा चिकटवून गंज झाकणे म्हणजे दोन पावसाळ्यांची मुदत. तळाला १८ गेजचा (१.२ मिमी), दारांना २० गेजचा पत्रा. शक्य असेल तर मिग वेल्डिंग करा, कारण साध्या वेल्डिंगने पातळ पत्रा जळतो. २०–२५ मिमीचे टाके लांब लांब अंतरावर मारा आणि थंड होऊ द्या, सलग मारल्यास पत्रा पापडासारखा वळतो. दारांच्या खालची पाणी जायची भोके लांबीने (पुट्टीने) बुजवू नका. दारे कुजण्याचे पहिले कारण तेच.

लांबी ३ मिमीपेक्षा जाड नको. खोलगट जागा आधी ठोकून वर आणा. लांबी दगडासारखी दिसते, पण ती ओल शोषते, म्हणून लांबी भरून नुसता रेड ऑक्साइड मारून महिनोन् महिने उघडी ठेवलेली केबिन खालून गंजते. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, मग लांबी, मग पुन्हा प्रायमर. पॉलिश पेपर ८०, १८०, ३२० आणि शेवटी पाण्यात ६००. एका केबिनला साधारण ३ ते ४ लिटर रंग लागतो. दोन भागांचे पीयू (पॉलियुरेथेन) रंग सुंदर दिसतात, पण त्यांच्या फवाऱ्यातले हार्डनर फुप्फुसाला घातक असते आणि साधा मास्क ते थांबवत नाही. अंगणात सिंथेटिक इनॅमल पुरे. पावसाळ्यात रंग देऊ नका, दमट हवेत थर पांढुरका पडतो. दिवाळी ते होळी हा काळ योग्य. मूळ रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद हवी.

हौदा लाकडी असो वा लोखंडी, तो चेसिसला यू-बोल्टने धरायचा, मध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी ठेवून. वेल्ड करून पक्का केलेला हौदा खड्ड्यांतून जाताना चेसिसला वळू देत नाही आणि मग चेसिसच तडकते. फाळक्याच्या कड्या आणि साखळ्या शेवटी तपासा. पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी फिटनेसला लागते. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेटही.

पहिल्या फेऱ्या

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१४ म्हणजे २०१४ चा ३२ वा आठवडा. खोबणी शिल्लक असली तरी इतका जुना टायर भार घेताना फुटतो. पहिली ब्रेक तपासणी रस्त्यावर नाही, शेतात, १० किलोमीटर वेगाने, हौदा रिकामा ठेवून. गाडी एका बाजूला ओढली तर त्याच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी लागतो आहे. दहा मिनिटे चालवून चारही ड्रमजवळ हात नेऊन, न टेकवता पाहा. एकच ड्रम तापलेला असेल तर तिथला शू परत येत नाही.

विमा आणि फिटनेस हातात आल्यावर ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट, आणि ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, हौद्याचे बोल्ट आणि मॅनिफोल्डचे नट पुन्हा कसा. त्याच वेळी इंजिन ऑइल आणि दोन्ही डिझेल फिल्टर पुन्हा बदला. टाकी कितीही धुतली असली तरी पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये उरलेला गंज सुटून फिल्टरमध्येच येतो, आणि चढावर गाडी दम तोडायला लागते ती त्यामुळे, पंपामुळे नव्हे.